देवरावजींची ढेमसं

मे महिन्यातली दुपार. बाहेर ऊन नुसतं फोडून काढतंय, खिडकीतला वाळ्याचा कूलर घरघरतोय आणि तुम्ही नुकतंच ताट वाढून घेतलंय. अशा वेळी एक माणूस न हाक मारता दारात येऊन उभा राहतो आणि तुमच्या ताटाकडे बोट दाखवून विचारतो, "यात बटाटा कोणं टाकला?" तर तुम्ही काय कराल? आम्ही काही करत नव्हतो. आमच्या घरांच्या ओळीतलं कुणीच काही करत नव्हतं. भाजी त्यांची होती ना!

देवरावजी आमचे भिंतीला भिंत शेजारी. मूळचे नागपूरजवळच्या खाप्याचे. घरी विणकरी, पण ह्यांचा जीव मागावर कधी बसला नाही. कन्हान नदीच्या रेतीत उन्हाळ्यात टरबुजांच्या वाड्या लागत, तिथं ह्यांचं बालपण लोळण्यात गेलं. मग नागपुरात कुठल्याशा कचेरीत नोकरी केली, बायको लवकर गेली, पुढे रिटायर झाले आणि आमच्या नव्या वस्तीत दोन खोल्या बांधल्या. खोल्या उगाच नावाला. बाकी सगळा प्लॉट म्हणजे बाग. भर उन्हाळ्यात महालच्या बाजारात पालेभाजी मरून पडायची, तेव्हा ह्यांच्याकडे दोडके लोंबत असत, भेंडी तरारून उभी असे, आणि ढेमसं तर विचारूच नका.

ज्यांनी ढेमसं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हिरवं, गोल, लाडवाएवढं फळ. त्याला स्वतःची अशी चव फारशी नसते. चव असते करणारणीची. म्हणूनच तर सगळा घोळ!

सकाळी सातच्या आत देवरावजी टोपलीवर ओलं फडकं टाकून घरोघर निघत. नको म्हणायची सोय नव्हती. भाजी फुकट, पण अटी केवढ्या! साल काढायची नाही. गूळ घालायचा नाही. आजची भाजी आजच करायची. आणि बटाटा? बटाट्याचं नाव काढलं तरी त्यांचा चेहरा कुणी शिवी दिल्यासारखा होई. "बटाटा टाकाचा असन त बटाटाच खा ना बाप्पा! माह्या ढेमशाची काहून अब्रू घेता?"

बरं, देऊन मोकळं व्हावं ना माणसानं! ते नाही. बारा वाजता तपासणी. मी एकदा चिडून म्हटलंच, "काकाजी, एकदा दिली ना भाजी? मग आम्ही तळू, जाळू, गाईला घालू."

"देल्ली म्हंजे काय टाकून देल्ली काय वं बाई?" ते म्हणाले, आणि माझ्या कढईवरचं झाकण उघडून वास घेऊ लागले.

कोपऱ्यावरच्या घरात पुण्याहून बदली होऊन आलेलं एक जोडपं होतं. त्या बिचारीनं सवयीनं चिमूटभर गूळ घातला. देवरावजींनी एक घास खाल्ला, हात धुतला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या घरासमोर आले की टोपली या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचे. म्हणजे त्या घराला भाजी दिसूसुद्धा नये! शेवटी नवरा, चांगला गॅझेटेड ऑफिसर, ह्यांच्या बागेत हात जोडून उभा राहिला. "आमच्या खाप्यात असं नसते," एवढं सुनावून देवरावजींनी त्याला माफ केलं. खाप्यात काय काय नसे याची यादी मोठी होती. खाप्यात भाजीत गूळ नसे, खाप्यात दुपारी झोप नसे, खाप्यात सुनांना एवढं तोंड नसे. हे शेवटचं माझ्यासाठी.

पाण्याचं तर विचारू नका. उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार. मग ह्यांनी काय करावं? आमच्या न्हाणीपासून आपल्या दोडक्यापर्यंत नाली खणली. आम्ही म्हटलं, जाऊ दे, सांडपाणी तर आहे. पण तेव्हापासून आमच्या आंघोळींवर त्यांची मालकी झाली. एका रविवारी आमचे हे आळसावून लोळत पडले होते, तर खिडकीतून आवाज, "साहेब, आंगधुनं नाही झालं का अजून? दोडका सुकून राहिला न!" आमच्या ह्यांनी मुकाट्यानं टॉवेल उचलला. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या सांगण्यानं कधी रविवारी आंघोळ केली नाही ह्या माणसानं!

असा हा गृहस्थ. वस्तीत त्यांना मागून सगळे हसत, मीही हसे. पण एका गोष्टीवर हसायला मन धजत नसे. ती म्हणजे त्यांची कुसुम.

कुसुम त्यांची एकुलती एक लेक. आईमागे तिला ह्यांनीच वाढवलं, चुलीपुढे बसून स्वयंपाकही ह्यांनीच शिकवला. उमरेडला दिलेली. घर चांगलं, दारात माग, पण तिची कूस उजवली नव्हती. आणि उन्हाळ्यात सगळ्यांच्या लेकी माहेरी येत, तेव्हा हिला येता येत नसे. लगनसराईत पातळांची घाई, घरातल्या बायांचे हात दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरण्यात. ती यायची दिवाळीला, तेव्हा वेल वाळून गेलेले. मग देवरावजीच दर वर्षी पहिल्या तोडीची ढेमसं घेऊन उमरेडला जात. टोपली देत आणि ओट्यावरूनच परत येत. मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही जुनी रीत. कितीतरी लोकांनी ती केव्हाच सोडली होती. देवरावजींनी नव्हती सोडली. परत आले की आधी आमच्याकडे येऊन तांब्याभर पाणी घटाघटा पीत आणि म्हणत, "सुखात आहे पोरगी."

एकदा आमचे हे सहज बोलून गेले, "तिच्या वाट्याला येतात का हो ढेमसं? एवढं मोठं घर त्यांचं."

 दुसऱ्या दिवशी देवरावजींनी ओळीतल्या एकूण एक घरात जाऊन बायकांना विचारलं, तुमी जेवल्या काय, तुमच्यासाठी उरली काय. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जिथं विचारायचं तिथं विचारता येत नव्हतं, म्हणून हा माणूस आमच्या कढया उघडत फिरत होता. त्यानंतर मी त्यांना तोंड वर करून बोलले नाही. म्हणजे, कमी बोलले.

त्या वर्षी माझ्या भाचीचं लग्न होतं. पातळं उमरेडहूनच घ्यावीत म्हणून मी देवरावजींसोबत एस्टीत बसले. टोपली त्यांच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "बाबाजी, टोपली वर टपावर टाका."

"वरतं ऊन आहे. ढेमसं शिजून जाईन."

"मंग तुमी वर बसा, ढेमशाले सीट देतो!"

सगळी गाडी हसली. देवरावजी नाही हसले. उमरेड जवळ येऊ लागलं तसे ते नुसते फडकं सारखं करत होते.

कुसुमच्या घरी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. आत मागांची खटखट. तिच्या सासूनं माझा हात धरून आत नेलं, कैरीचं पन्हं दिलं. देवरावजी ओट्यावर टेकले. कुसुम पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली. वाळकी, रंग उतरलेली, पण डोळे अगदी बापाचे.

"बाबा, पाणी."

"नाही बा. रीत आहे."

शेजारच्या दोघी-तिघी पातळं बघायला आल्या होत्या. त्यांतल्या एकीनं विचारलं, "व्याही पाणी काहून नाही पेत वं?"

सासू वाईट नव्हती. तिनं सरळ सांगितलं, "कसे पेतीन? घरात पाळणा कुठं हालला अजून?"

बाया च्-च् करू लागल्या. एकीनं नवस सांगितला, दुसरीनं वैदू. कुसुम गडवा हातात धरून तशीच उभी होती. मग ती बोलली. हळूच बोलली, पण मागांच्या खटखटीतही मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"बाबा, सालभर लोकं इसरून राहते, मले लेकरू नाही म्हणून. तुमी येता, पाणी नाही म्हणता, अन् साऱ्या गल्लीले आठवते. दर सालाले. त्यापेक्षा तुमी येत नका जाऊ. नाही त आत या."

 लेकीचा मान राहावा म्हणून हा माणूस इतकी वर्षं नागपूरच्या उन्हात कोरड्या घशानं जात-येत होता. आणि त्या कोरडेपणाचा चटका नेमका तिलाच बसत होता, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.  

देवरावजी उठले. मला वाटलं, आता निघतात. त्यांनी वहाणा काढल्या. कुसुमच्या हातातून गडवा घेतला आणि तिथंच उभ्यानं सगळा रिकामा केला. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं.

"अवं माय, व्याही!" सासू पुढे आली. "रीत मोडली न!"

"मोडू द्या," देवरावजी म्हणाले. "आता जेऊनच जाईन."

घरात एकच धांदल उडाली. पाट मांडले. कुसुमनं चुलीपुढे बसून ढेमसं केली, भाकरी थापल्या. मी मदतीला गेले तर मला हात लावू देईना. ताट आलं तरी देवरावजी हात लावेनात.

"तिचं ताट?"

"बाया मागून बसतात जी," सासू म्हणाली.

"मंग मीही मागूनच बसतो."

सासूनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. मग स्वतः उठून फळीवरून थाळी काढली, वाढली आणि बापाशेजारी ठेवली. "बस वं कुसुम," म्हणाली.

कुसुम बसली. भाकरीचा तुकडा मोडला आणि तिला हुंदका आवरेना. देवरावजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तिचं तोंड पुसलं, लहान पोरीचं पुसावं तसं.

"खाय वं माय," ते म्हणाले. "थंडं होते."