दोन छटा उजळ

सहा वर्षांनी लेक बापाच्या फोटो स्टुडिओची पायरी चढली, तीही नवऱ्याला घेऊन. याच जावयाच्या रंगावरून फोटोग्राफरनी लग्नाला पाठ फिरवली होती. "दिवे गेले तर हाका मारून शोधावा लागेल," असं चारचौघांत बोललेही होते.

"बाबा, परदेशातल्या नोकरीच्या अर्जाला यांचा फोटो लागतोय," लेक म्हणाली. "उद्या शेवटचा दिवस आहे. तसा दुसरीकडेही काढता आला असता."

लेकीनं दार किलकिलं केलंय, हे फोटोग्राफरना कळलं. आज तोंडातून वावगा शब्द जाऊ द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं आणि तोंड खरंच सांभाळलं. पण हाताचं काय? तीस वर्षं तो येईल त्या गिऱ्हाइकाला दोन छटा उजळ करत आला होता. लग्नाच्या मुलींचे बाप त्यासाठीच लांबून यायचे. बोलता बोलता हात कॉम्प्युटरवर फिरला आणि जावई गव्हाळ होऊन पाकिटात गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला. "कचेरीतले साहेब म्हणतायत, फोटो दुसऱ्याच माणसाचा आहे. नवा फोटो द्या आणि ओळख पटवायला घरचं वडीलधारं माणूस आणा, नाहीतर अर्ज बाद. बाबा, मुद्दाम केलंत ना?"

"अगं, सवयीनं हात फिरला."

"हात नाही, नजर."

कॅमेरा घेऊन फोटोग्राफर धापा टाकत कचेरीत पोहोचले. जावयाला पांढऱ्या भिंतीशी उभं केलं. कॅमेऱ्यातून नीट पाहिलं, तेव्हा पोरगा देखणा आहे हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं, आणि स्वतःची लाज वाटली. फोटो तसाच्या तसा शेजारच्या दुकानातून छापून आणला.

"हे तुमचे कोण?" साहेबांनी विचारलं.

सहा वर्षं घशात अडकलेला शब्द बाहेर पडला. "जावई. आधीचा फोटो मी बिघडवला. माणूस हाच आहे."

"सही करा. तुमचं ओळखपत्र?"

साहेबांनी ओळखपत्र पाहिलं, फोटोग्राफरकडे पाहिलं, पुन्हा ओळखपत्र पाहिलं. त्यावर एक गोरेपान गृहस्थ होते.

"हे कोण?"

फोटोग्राफरनी मान खाली घातली. स्वतःवर त्यांनी चांगल्या चार छटा खर्च केल्या होत्या. कचेरी बंद व्हायला दहा मिनिटं उरली होती.

जावई पुढे झाला. "माझे सासरे आहेत, साहेब. मी ओळखतो यांना. यांच्यासाठी मी सही केली तर चालेल का?"

साहेबांनी दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"दिसताय खरे एका घरचे," ते म्हणाले आणि त्यांनी शिक्का उचलला.