लिनेटबाईंनी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प बांधिला त्याची हकीकत

आधी इशारा लिहिणे, मग मोहीम. कारण की इशारा आधी आला होता आणि लिनेटबाईसाहेबीं तो कानाआड केला.

टेनेसी नदीचे तीरी, अलाबामा प्रांती, टस्कंबिया नामे कसबा. तेथे टिडवेलांचे घर. यजमान डेल टिडवेल नदीवरील मालवाहू जहाजावर चाकरीस. अठ्ठावीस दिवस पाण्यावर आणि चौदा दिवस घरी, ऐसा शिरस्ता. घरी बाईसाहेब, आणि नऊ महिन्यांच्या धाकट्या सरकार ओपल, ज्यांचे पदरी दात दोन आणि हुकूमत अमर्याद. सरकारांचा जन्म जाहला त्या दिवसापासून बाईसाहेबांची गिटार पेटीत बंदिवान होती. तेव्हा बाईसाहेबीं पण केला की सरकारांच्या पहिल्या वाढदिवसाचे आत गिटार बोलती करावी, आणि तीही आवाज मोठा करणाऱ्या दुकानी अ‍ॅम्पावर नव्हे, तर जुन्या चालीचा, रेडिओत असत तशा काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्वहस्ते बांधून.

मग मसलतीस तीन घरे पलीकडील मिस्टर अँब्रोज पेटस यांजकडे गेल्या. वय अठ्ठ्याहत्तर, पन्नास वर्षे रेडिओ आणि अ‍ॅम्प दुरुस्त केलेले, अंगणातील हिरव्या शेडमध्ये अद्याप ठाण मांडून. त्यांनी पुठ्ठ्यावर नकाशा काढून दिधला आणि फर्माविले की या गडाचे पोटी चारशे व्होल्टांची फौज वसते, आणि प्लग उपटला तरी कपॅसिटर नामे डबे मेल्याचे सोंग घेऊन वीज पोटात दाबून राहतात, सबब त्यांची वीज आधी उतरवावी, मगच आत हात घालावा.

"आणि डावा हात मागच्या खिशात," ते म्हणाले. "दोन्ही हात आत घातलेस तर वीज एका हातातून दुसऱ्यात जाते, आणि वाटेत काळीज लागतं. वीज घालायच्या आधी मला एक फोन कर, काम संपलं की दुसरा."

"मिस्टर अँब्रोज, मी कॉलेजात फिजिक्स शिकलेय."

"फिजिक्सवालेच जास्त उडतात, पोरी."

बाईसाहेब "हो, हो" म्हणाल्या आणि हसत घरी आल्या.

मग मोहीम चालली. धाकट्या सरकारांशी निद्रेचा तह दुपारी चाळीस मिनिटांचा, आणि तो मोडण्याचा अखत्यार सर्वस्वी सरकारांकडे. तेवढ्या अवधीत गॅरेजात जावे, कथील वितळवावे, एक सांधा डागावा, आणि मग धावत पाळण्यापाशी येऊन सरकारांच्या नाकाखाली बोट धरावे, आणि श्वास चालू ऐसी खातरजमा होताच पुन्हा मोर्चावर जावे. एका झोपेत ऐशा सात फेऱ्या होत. पाळण्यावरील कॅमेऱ्याचा छोटा पडदा फळीवर मांडिला होता, त्यात सरकार दिसत. परंतु पडद्याचा भरवसा काय धरावा? ऐसे सतरा दिवस लोटले.

अठराव्या दिवशी प्लग लाविला. फोन केला नाही. व्हॉल्व्ह नारिंगी जाहले, बाईसाहेबांचे डोळे भरून आले, आणि आवाज मात्र काहीच नाही. प्लग उपटिला. इतक्यात पडद्यावर सरकार कुरकुरू लागल्या, आणि बाईसाहेबीं घाईने डाव्या हाताने सांगाड्याचा पत्रा धरून उजवा हात आत घातला.

डब्यांनी दगा केला. बाईसाहेब उडून धुण्याच्या टोपलीवर आदळल्या. हात कोणाचा आणि खांदा कोणाचा, काही समजेना. पडद्यातून सरकारांचे रडणे येत होते आणि उठवत नव्हते. मग रडणे थांबले. या थांबण्याइतकी भयंकर गोष्ट या हकीकतीत दुसरी नाही. भिंत धरून गेल्या, तो सरकार पायातील मोजा काढून मोठ्या समाधानाने चघळीत होत्या.

बाईसाहेब खाली बसल्या आणि एक हिशेब मनी आला: आपण या लेकराचा श्वास दिवसात पन्नास वेळा पाहतो, आणि आज आपला पाहणारे कोणीच नव्हते. यजमान सांजेस फोन करणार, तोवर सरकारांनी मोजा संपविला असता.

सरकारांस काखेत घेऊन मिस्टर अँब्रोजांपुढे हजर जाहल्या.

"डावा हात कुठं होता?"

"पत्र्यावर."

"आणि फोन?"

"खिशात."

"हात खिशात हवा होता आणि फोन हातात. बरोब्बर उलटं केलंस! कॉलेजात हेच शिकवलं का?" म्हातारा इतका ओरडला की ओपल सरकार खूश होऊन टाळ्या पिटू लागल्या. मग त्याने बाईसाहेबांची नाडी धरिली, आणि बराच वेळ सोडिली नाही.

तेव्हा तह ठरला: वीज घालण्यापूर्वी एक फोन, उरकताच दुसरा, आणि अर्ध्या घटकेत दुसरा न आल्यास मिस्टर अँब्रोज काठी घेऊन कूच करतील. त्या तहाचे छायेत सैल सांधा सापडला, अ‍ॅम्प बोलिला. परंतु घूंऽऽ ऐसा घुमारा उठला की गिटार त्यात बुडून जाई. मग खासा मिस्टर अँब्रोजांची स्वारी आली. हत्यार म्हणाल तर चिनी खानावळीतील एक लाकडी काडी. डावा हात खिशात, उजव्याने काडीचे टोक एकेका तारेस लावीत गेले आणि एके ठायी घुमारा थरकला.

"या दोन तारांची वेणी सैल घातलीयेस. सोड आणि घट्ट घाल. पोरीची घालशील तशी."

"तिला केस कुठं आहेत अजून?"

"मग यांच्यावर हात बसव."

वीज उतरवून वेणी घातली, आणि घुमारा शरण आला. बाईसाहेबीं गिटार पेटीतून काढिली आणि एक सूर छेडिला. गोड, किंचित फाटका, तव्यावरच्या लोण्यासारखा. ओपल सरकार दचकल्या, ओठ काढिला, आणि मग दोन्ही दात दाखविले. वाढदिवसास अकरा दिवस बाकी असता गड फत्ते जाहला, ही नोंद कायम.

दुसरे दिवशी बाईसाहेब मक्याची भाकरी घेऊन हिरव्या शेडमध्ये गेल्या. दारापाशी एक रिकामे स्टूल होते.

"तुम्ही कोणाला फोन करता, मिस्टर अँब्रोज?"

"बायको बसायची तिथं, लोरेटा. शेंगा सोलत. दर थोड्या वेळानं विचारायची, 'अँब्रोज, मेलास का?' मी म्हणायचो, 'अजून नाही.' चाळीस वर्षं." मग काडीने कान कोरीत म्हणाले, "आता कोण विचारतंय?"

तेव्हापासून बाईसाहेब रोज दोनदा विचारीत आल्या. परंतु सांप्रत यजमानांचे जहाज पडुका बंदरी लागले आहे, आणि वाढदिवस तेथेच करावा म्हणोन मायलेकी दहा दिवस तिकडे आहेत. आज सकाळपासून दोनदा मिस्टर अँब्रोजांस फोन लाविला, उचलिला नाही. अ‍ॅम्प शिटी घालितो म्हणोन ते कानातील ऐकण्याचे यंत्र काढून ठेवितात. तसेच असेल. तसेच असणार.

तरी वाचणारास बाईसाहेबांचा अर्ज, आणि तो त्यांच्याच शब्दांत: तुम्ही टस्कंबियात आमच्या रस्त्यानं जाणार असाल तर हिरव्या शेडपाशी जरा थांबा. दार जोरात वाजवा, यंत्र कानात नसतं. आणि ओरडून विचारा, "मिस्टर अँब्रोज, मेलात का?" रागावणार नाहीत. उत्तर येईपर्यंत मात्र हलू नका.