पोपटाला गोल कळला तेव्हा

एका जंगलात, पोरांनो, तोंडच्या शब्दाला काडीची किंमत नव्हती. सांगायचं ते पळसाच्या पानावर लिहायचं, हिरोजी पोपट वडाखाली ते मोठ्यानं वाचणार, मग जंगल ऐकणार.

पानावर एखाद्या जागेचं नाव लिहिलं, की ती जागा चालायला मोकळी. तिथं यायची मनाई असेल, तर पानाचं टोक खुडायचं. आज्या-पणज्यांपासून हेच.

एके दिवशी विद्वान अस्वलांची सभा भरली. त्यांनी नवे नियम काढले. मनाईला यापुढे लाल गोल. खुडलेलं टोक म्हणजे मेजवानीची जागा, सगळ्यांनी यावं. अस्वलांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या, मध चाटला आणि घर गाठलं. हिरोजीला शिकवायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आता ऐका. भागू टिटवीची चार अंडी नदीच्या वाळूत उघडी होती. दुसऱ्या दिवशी हत्तींचा कळप पाण्यावर यायचा होता. म्हातारी नियमाची पक्की. तिनं पानावर 'नदीची वाळू' लिहिलं आणि भोवती झोकदार लाल गोल काढला.

हिरोजी ओरडला, "नदीची वाळू! चालायला मोकळी!"

"अरे मेल्या, गोल कुठं गेला?"

"हा होय, भागूबाई? मला डाग वाटला. कळत नाही ते मी सोडून देतो. वाचन कसं अडत नाही!"

भागू थोरल्या हत्तिणीकडे धावली. "आत्याबाई, माझी अंडी आहेत हो तिथं!"

"पानावर आहे का तसं?" हत्तीण म्हणाली. "पान तर मोकळी म्हणतंय, बाई."

भागू अस्वलांकडे गेली. थोरल्या अस्वलानं पान डोळ्यांजवळ धरलं. "वा! असा गोल आम्हालासुद्धा येत नाही."

"मग हिरोजीला शिकवा की!"

"ते आमच्याकडे नाही. आम्ही फक्त नियम करतो."

भागूचं टाळकं सणकलं. तिनं नवं पान घेतलं, 'नदीची वाळू' लिहिलं आणि टोक कचकन खुडलं.

"नदीची वाळू! मनाई!" हिरोजी ओरडला. कळप लांबून वळसा घालून पाण्यावर गेला.

अस्वलं चवताळून आली. "खुडलेलं टोक? तू तर हत्तींना जेवायला बोलावलंस! साफ चूक!"

"असू दे चूक," भागू म्हणाली. "या, अंडी मोजा. चार आहेत."

तेव्हापासून अख्खं जंगल टोकं खुडू लागलं. बीळ असो, घरटं असो, पान खुडलेलंच.

तिसऱ्या वर्षी हिरोजी छाती फुगवून वडावर बसला. "मंडळी, मी नवे नियम शिकलो! गोल म्हणजे मनाई. खुडलेलं टोक म्हणजे मेजवानी! आणा पानं, वाचतो!"

ससे दचकले. साळुंक्या किंचाळल्या. सगळ्यांत आधी भागू धावून गेली, मागोमाग तिची चार धष्टपुष्ट पोरं.

"विसर, मेल्या! आत्ताच्या आत्ता विसर!"

हिरोजी गरीब बिचारा. दुपारपर्यंत विसरला.

तात्पर्य: नियम पाठ करू नका, वाचणारा किती अडाणी आहे ते पाठ करा. आणि एकदा ते पाठ झालं, की त्याला शहाणं होऊ देऊ नका.