उंबरठाण्याच्या कावळ्यांचं मत

उंबरठाण्याच्या घाटावरचे कावळे पिंडाला शिवण्याआधी अभिप्राय देतात. तोंडी देतात, स्वच्छ मराठीत देतात आणि शेवटी किती स्टार ते सांगतात. पाचपैकी तीनच्या वर आजवर कोणी गेलेलं नाही.

सुरुवातीला ग्रामपंचायतीने कावळ्यांनी सभ्य भाषा वापरावी असा ठराव केला होता. त्यावर कावळे महिनाभर घाटाकडे फिरकलेच नाहीत. गावातले दहावे तुंबले. शेवटी सरपंचांनी घाटावर जाऊन, हात जोडून ठराव मागे घेतला. तेव्हापासून कावळे मोकळेपणाने बोलतात आणि गाव ते मनाला लावून घेतं. एका कावळ्याने "मंडळी भिकारडी दिसतात" एवढं म्हटलं, तर देवऱ्यांनी कर्ज काढून घरभर संगमरवर बसवला. तो कावळा त्या गल्लीत कधी गेलासुद्धा नाही.

नाना लोणकरांच्या दहाव्याला थोरला कावळा आला. घाटावरचा हा सर्वांत ज्येष्ठ. तो कठड्यावर बसला, त्याने पिंडाकडे एक डोळा फिरवला आणि म्हणाला, "भात गिचका. तीळ खवट. मंडळी रडायचं नाटक करतायत, तेही धड जमत नाही. एक स्टार." मग त्याने चोच पंखात खुपसली.

"इच्छा अडकलीय," पुराणिक गुरुजी म्हणाले. "कोणीतरी शब्द द्या."

नानांचे थोरले चिरंजीव मनोहरकाका पुढे झाले. बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेला माणूस. "नाना, धाकट्याला विहिरीचं पाणी सोडीन. आता तरी शिवा."

"ढेरपोट्या, सावली पाडू नकोस," थोरला कावळा म्हणाला.

काका लाल झाले. "अहो, उभ्या नोकरीत मला कोणी असं बोललेलं नाही."

"समोर नसेल बोललं."

नानांच्या लेकीने, शालनआत्याने, पदर डोळ्यांना लावला. "नाना, भात मी लावला होता हो."

"ते कळलं."

आत्या तिथेच पायरीवर बसली आणि तिचं रडणं पहिल्यांदाच जमून आलं.

मग नानांच्या धाकट्या चिरंजीवांना, दिलीपरावांना, सुचलं. "नानांचा जीव ह्याच्या डिग्रीत अडकलाय," ते आपल्या मुलाकडे, शार्दूलकडे, बोट करून म्हणाले. सगळ्यांच्या जिवात जीव आला. कारण ही अशी इच्छा होती, की तिच्यापायी बाकी कोणालाच बोटसुद्धा हलवावं लागणार नव्हतं. विहिरीच्या पाण्याचा विषय काकांनी लगेच सोडला.

शार्दूलने इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं होतं आणि एसटी स्टँडसमोर अंडाभुर्जीची गाडी लावली होती. हा कुटुंबाला लागलेला बट्टा होता, असं मोठ्यांचं मत होतं. मोठ्यांनी स्वतः काय दिवे लावले होते, तर ते वेळेवर रिटायर झाले होते.

नाना शार्दूलला रोज नालायक म्हणायचे. गुडघा दुखत असला तर दोनदा. तो तेल चोळून द्यायचा. गुडघा मोकळा झाला की नाना भुर्जीत कोथिंबीर किती घालावी यावर बोलायचे. नाना गेल्यापासून त्याला आपलेपणाने नालायक म्हणणारं घरात कोणी उरलं नव्हतं. बाकीचे म्हणायचे ते नुसतंच.

"घे हातावर पाणी," गुरुजी पळी पुढे करत म्हणाले. "म्हण, गाडी बंद करतो, कॉलेजला जातो."

घाटावर पाणी सोडून दिलेला शब्द उंबरठाण्यात मोडता येत नाही. मोडला तर त्या घरच्या पुढच्या पिढ्यांच्या पिंडाला कावळे शिवत नाहीत. म्हणजे पाणी सोडलं की त्याच संध्याकाळी गाडी बंद. पण एकदा का कावळा शिवला, की मेलेल्याची इच्छा मिटली. मग कोणालाही कोणाकडून शब्द मागता येत नाही.

शार्दूल पळीला बगल देऊन कठड्यापाशी गेला.

"हा बोकड कोण?" थोरला म्हणाला.

"नातू."

"शिकलेला दिसत नाही."

"नाहीच."

"तोंडही धड नाही."

"ते आहे तसंच राहणार," शार्दूल म्हणाला. भुर्जीच्या गाडीला लोक मोबाइलवर शेरे देत. कोणी लिहिलं की भुर्जीत कवच लागलं, तर तो दुसऱ्या दिवशी अंडी वेगळ्या भांड्यात फोडून बघून घेई. कोणी लिहिलं की भुर्जीवाल्याचं तोंड बघून भूक मेली, तर तोंड काही वेगळ्या भांड्यात फोडता येत नाही, म्हणून तो फोन खिशात टाकी. "मला एक सांग. सकाळपासून तुझं काय काय खाऊन झालंय?"

थोरल्याने चोच बाहेर काढली. हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. "उजाडताना सोनारांचा दहावा. मग पाटलांचा. पाटलांनी पिंडावर बासुंदी ओतली होती. मग तिसरा कोणाचा तरी. गळ्यापर्यंत आलंय. चल, फूट."

"ऐकलंत?" शार्दूल मागे वळून म्हणाला. "त्याचं पोट भरलंय. थांबू या थोडं."

काकांना ढेरपोट्या म्हणवून घेताना झालं नसेल इतकं दुःख आता झालं. "म्हणजे ह्यात आमचा काहीच संबंध नाही?"

"नाही."

"मग मला बोलला ते?"

"अजीर्ण झालंय त्याला."

"वा रे शहाण्या! तो बोलतो एक, पण त्याच्या मनात दुसरंच आहे. मी माणसं ओळखतो."

"काका, तो कावळा आहे."

"उलट उत्तर देतोय बघा," दिलीपराव सगळ्यांना म्हणाले. "ह्याच्यामुळेच शिवत नाही."

गुरुजींनी तोडगा म्हणून दर्भाचा कावळा बांधला. खरा आला नाही तर शास्त्रात त्याची सोय आहे. पण दर्भाच्या कावळ्याने पिंडाकडे बघून मान फिरवली. "वरिष्ठ जागेवर हजर असताना बदली कावळ्याला अधिकार नाही," तो बारीक आवाजात म्हणाला, "आणि गाठ सैल बांधलीत. दोन स्टार." गुरुजींनी चाळीस वर्षांच्या दर्भाच्या गाठींचा इतिहास काढला. दर्भाचा कावळा ऐकत होता की नाही, सांगता येत नाही.

ऊन चढलं. कावळा शिवेपर्यंत कोणालाही अन्न घेता येईना, आणि ह्या सगळ्याचा हिशेब शार्दूलच्या नावावर मांडला जाऊ लागला.

"आत्याला शुगर आहे," काका म्हणाले. "तिला काही झालं तर तुझ्या डोक्यावर."

आत्याचे हात खरोखरच थरथरत होते. ते बघून मात्र शार्दूलने पळीतलं पाणी हातावर घेतलं. बोटांच्या फटींतून ते ठिबकायला लागलं. दिलीपराव डोळे मिटून, आधीच कृतार्थ होऊन उभे होते. म्हणून टाकावं आणि सुटावं, असं त्याला वाटलं. गाडीचं काय, विकता येईल.

मग त्याने हात झटकला, पिशवीतून केळं काढलं आणि आत्याच्या ओंजळीत ठेवलं.

"अरे बाळा, पाप लागेल."

"लागू दे. तिकडे तोंड कर आणि खा."

आत्याने नदीकडे तोंड केलं आणि केळं खाल्लं. दहाव्याच्या घाटावर तोंड उष्टं करणं हा लोणकरांच्या इतिहासातला सर्वांत मोठा प्रमाद होता. सगळे तो बघत होते, सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, म्हणून कोणी काही बोललं नाही.

"गाढवा, निदान माफी तरी माग नानांची," दिलीपराव शेवटी म्हणाले.

"कशाबद्दल?"

दिलीपरावांनी बराच विचार केला. तेवढ्यात थोरल्याने अंग झाडलं, कठड्यावर मागे सरकून पोट मोकळं केलं आणि तो खाली उतरला. काकांच्या दोन पायांमधून चालत तो पिंडापाशी गेला आणि भात खाऊ लागला. गिचका भात त्याने तळापर्यंत खाल्ला, खवट तिळांसकट.

गुरुजींनी घाईघाईने हात जोडले. "शिवला. इच्छा पूर्ण."

"कसली इच्छा?" दिलीपरावांनी विचारलं.

"ते शास्त्रात नाही," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी पळी पिशवीत टाकली.

मनोहरकाका पुढे वाकले. "अहो, आणि अभिप्राय?"

थोरल्याने चोच दगडावर दोन्ही बाजूंनी पुसली.

"आमच्याबद्दल काही? वाईट असलं तरी चालेल."

थोरला उडाला. एक शब्द नाही, एक स्टार नाही. कठडा रिकामा झाला आणि काका त्याच्याकडे बघत राहिले. इतका वाईट शेरा उंबरठाण्यात आजवर कोणालाही मिळाला नव्हता.

त्या संध्याकाळी शार्दूलने गाडी लावली. कोथिंबीर नाना सांगायचे तेवढीच घातली. एका गिऱ्हाइकाने कांदा कच्चा लागतोय म्हणून सांगितलं, त्याने तो आणखी परतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनोहरकाका एकटेच घाटावर गेले आणि थोरल्यासमोर उभे राहिले. दुपारपर्यंत परतले नाहीत, म्हणून त्यांना बघायला दिलीपराव गेले. तेही अंधार पडेपर्यंत परतले नाहीत. आता तिथे कठड्यासमोर खुर्च्या मांडलेल्या असतात. गावातली इतर रिटायर मंडळीही येऊन बसतात. काका सर्वांत आधी येतात आणि पुढची खुर्ची धरतात. थोरला अजून त्यांना काही बोललेला नाही. वाट बघणाऱ्यांना ऊन लागतं, म्हणून ग्रामपंचायतीने एकमताने ठराव करून वर पत्रे टाकून दिले आहेत.