गोळ्यांच्या पेट्या कोण उचलणार?

माणसं सांभाळणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. मला ते जमतं. ऑफिसात माझ्या हाताखाली फक्त एक प्रिंटर आहे आणि तोही माझं ऐकत नाही, हे खरं. पण शनिवार-रविवारी चार ते सहा या वेळात मी आठ जणांच्या पायदळ तुकडीचा प्रमुख असतो. कॉम्प्युटरवरच्या लढाईत का होईना, प्रमुख म्हणजे प्रमुख!

ही लढाई म्हणजे पोरांची ठो-ठो नव्हे बरं का. इथे प्रत्येकाला नेमून दिलेलं काम असतं. मशीनगन चालवणारा एक, त्याच्या गोळ्यांच्या पेट्या वाहणारा एक, जखमींना बघणारा एक, बाकीचे बंदूकवाले. एकदा मेलात की त्या दिवसापुरते मेलात. तोंड मिटून इतरांची लढाई बघत बसायचं. आमचा मशीनगनवाला एरवी दातांचा डॉक्टर आहे. मलमपट्टीला शिवणाचा क्लास चालवणाऱ्या एक बाई आहेत. त्या जखमीला आधी सरळ उभं राहायला सांगतात. या सगळ्यांना हुकूम माझा. त्यासाठी मी एक खास आवाज राखून ठेवलाय, घशाच्या तळातून काढलेला. घरात तो लावला तर आई विचारते, सर्दी झाली का.

दुधात मिठाचा खडा एकच होता, तो म्हणजे पेट्या वाहणारा. दोन महिन्यांपूर्वी आमच्यात आला. माइकवर कधी बोलायचा नाही, नुसतं टाइप करायचा, आणि तेही बहुधा एकाच बोटाने. 'होय साहेब' एवढं उमटायला अर्धं मिनिट लागायचं. मी त्याचं नाव गोगलगाय ठेवलं होतं. त्याला मी काय काय बोललो ते आता इथे लिहवत नाही. "पाय आहेत की बुडाला मुळं फुटलीत?" हे त्यातलं सगळ्यात सभ्य.

अशात आमच्या पलटणीच्या प्रमुखांनी जाहीर केलं की रविवारी ते आमच्या तुकडीची परीक्षा घेणार. फोटोत त्यांची नुसती मिशीच दिसते, म्हणून आम्ही त्यांना मिशीवाले म्हणतो. पास झालो तर तीन तुकड्या माझ्या हाताखाली येणार होत्या. चोवीस माणसं! मी छाती फुगवून सांगितलं, "साहेब, परीक्षा झाली की त्या गोगलगाईला काढूनच टाकतो."

"सगळ्यांसमोर काढा," मिशीवाले म्हणाले. "शिस्त दिसते."

शनिवारी जेवताना बाबा नुसतं पानातलं चिवडत होते. आई मला म्हणाली, "अरे, यांच्याशी बोल जरा. कामावरचा साहेब फार टाकून बोलतो म्हणे."

"कुठलं काम? बाबा रिटायर झालेत ना?"

"कॉम्प्युटरवरचं आहे, जबाबदारीचं. शनिवार-रविवार, चार ते सहा. सुरुवातीला किती खुशीत असायचे! साडेतीनलाच दाढीबिढी करून बसायचे. त्या मेल्याने पार रया घालवली यांची."

योगायोग असा की नेमका त्याच वेळात मी वरच्या खोलीत दार लावून बसलेला असतो. त्यामुळे बाबा मागच्या खोलीत दार लावून काय करतात, याची मला कल्पना नव्हती. वर्षापूर्वी मी त्यांना माझा जुना लॅपटॉप दिला होता, तेवढाच काय तो माझा संबंध.

"वय काय त्याचं?" मी बाबांना विचारलं.

"आवाजावरून तुझ्याएवढा असेल," बाबा म्हणाले. "माझंही चुकतं म्हणा. हात भराभर चालत नाही आता."

माझं डोकंच फिरलं. कारखान्याच्या स्टोअरमध्ये पस्तीस वर्षं घालवलेला माणूस, त्याला कोण कुठला टिकोजीराव वाट्टेल ते बोलतो म्हणजे काय?

"बाबा, असल्या माणसावर एकच औषध," मी म्हणालो. "तोंडी हुकूम ऐकायचाच नाही. कुठे, किती, सगळं लेखी मागायचं. एकट्याला झेपणारं नसेल तर मदतनीस मागायचा. आणि त्याने आवाज चढवलाच तर चारचौघांत सांगायचं, मी वयाने मोठा आहे!"

"आणि काढून टाकलं तर?" आईने विचारलं.

"काढू दे! माणसांची कदर नसेल तर ते काम काय करायचंय?"

बाबांनी उठून वही आणली आणि सगळे मुद्दे लिहून घेतले. मदतनिसाचा मुद्दा त्यांनी मला दोनदा सांगायला लावला. वडिलांच्या उपयोगी पडल्याच्या समाधानात मला झोप छान लागली.

रविवारी चारला परीक्षा सुरू झाली. टेकडीच्या माथ्यावर मशीनगन, खाली नाल्यात पेट्या घेऊन गोगलगाय, आणि मिशीवाले वरून सगळं बघतायत. पहिली दहा मिनिटं झकास गेली. मग दंतवैद्य म्हणाला, "गोळ्या संपत आल्या."

"गोगलगाई, पेट्या वर आण!"

बऱ्याच वेळाने अक्षरं उमटली: 'वर म्हणजे नक्की कुठे? कृपया लेखी द्यावे.'

मला वाटलं, गंमत करतोय. पण गडी जागचा हलेना. शेवटी मी टाइप केलं, 'टेकडीवर.'

'किती पेट्या?'

'सगळ्या!'

'सगळ्या एकट्याला झेपत नाहीत. मदतनीस द्यावा.'

वर दंतवैद्य ओरडत होता. मी घाईघाईत शिवणाच्या बाईंना खाली पाठवलं. त्या नाल्यात पोचतात न पोचतात तोच वर एका बंदूकवाल्याला गोळी लागली. मलमपट्टी खाली आणि जखमी वर! मग जखमीला खाली न्यायला मी दोघांना पाठवलं, त्या दोघांना वाट सापडेना म्हणून त्यांच्यामागे आणखी एक पाठवला, आणि त्या सगळ्यांना आवरायला मी स्वतः उतरलो. पाच मिनिटांत माझी अख्खी तुकडी नाल्यात जमली होती आणि टेकडीवर रिकामी मशीनगन घेऊन एकटा दंतवैद्य उरला होता.

"शत्रू समोर आलाय," तो म्हणाला. "मी आता काय करू? त्यांचे दात काढू?"

ते त्याचे शेवटचे शब्द. मी भडकलोच. "अरे गाढवा, तुझ्यामुळे..."

'कृपया आवाज चढवू नये. मी वयाने मोठा आहे.'

हे सगळ्यांना दिसेल असं लिहिलेलं होतं. वाक्य ओळखीचं वाटलं. पण रागात माणसाला स्वतःचं वाक्यही ओळखू येत नाही.

मिशीवाल्यांनी लढाई थांबवली. "पेट्यावाले, माइक चालू करा. हे सगळं काय होतं, ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

हेडफोनात खुडखुड झाली. कुणीतरी घसा साफ केला. आणि मग एका बाईचा खणखणीत आवाज आला, "अहो, चहा झालाय! वरच्या साहेबांनाही हाक मारा!"

नेमकं हेच वाक्य, याच आवाजात, आमच्या जिन्यावरून चढून माझ्या दारातूनही आत आलं.

"आवाज दोनदा का येतोय?" मिशीवाले म्हणाले. "माइक तपासा रे सगळ्यांनी."

मी माइक तपासण्याच्या अवस्थेत नव्हतो. मला जुना लॅपटॉप आठवत होता. देताना त्यातले फोटो मी काढून घेतले होते. खेळ तसाच राहिला होता, आणि त्यात माझ्या तुकडीचा पत्ताही.

"हं, तुकडीप्रमुख," मिशीवाले म्हणाले. "काढताय ना याला? सगळ्यांसमोर काढतो म्हणाला होतात."

एका बाजूला चोवीस माणसं होती. दुसऱ्या बाजूला साडेतीनलाच दाढी करून बसणारे बाबा. मला माझीच लाज वाटली. घशाच्या तळातला आवाज काही केल्या निघेना, म्हणून मी माझ्याच आवाजात म्हणालो, "नाही साहेब. त्यांना काढू नका."

"त्यांना?" दंतवैद्याने विचारलं. मेलेल्याने बोलायचं नसतं, पण त्याला राहवलं नाही.

"चूक माझी आहे. कुठे यायचं, किती आणायच्या, मदतीला कोण, हे मीच आधी सांगायला हवं होतं. काढायचंच असेल तर मला काढा."

मिशीवाले म्हणाले, "पटलं. आज अख्ख्या तुकडीत कामाचे प्रश्न एकाच माणसाने विचारले. पुढच्या शनिवारपासून तुकडीप्रमुख ते. पेट्या तुम्ही उचला."

शिवणाच्या बाईंनी ताबडतोब होकार दिला. मग मेलेल्यानेही दिला.

खाली आलो तर बाबा चहाच्या कपासमोर बसले होते. चेहऱ्यावर असं तेज मी त्यांच्या निरोपसमारंभातही पाहिलं नव्हतं.

"बढती झाली," त्यांनी आईला सांगितलं.

"अगं बाई! आणि तो मेला साहेब?"

"तो आता माझ्या हाताखाली."

"चांगली अद्दल घडवा त्याला. मुळीच दया दाखवू नका."

"जाऊ दे ना आई," मी म्हणालो. "कामाच्या ताणात असेल बिचारा."

"तुला काय त्याचा एवढा कळवळा?" असं म्हणून आई आत गेली.

बाबांनी चहा संपवला. मग अगदी सहज म्हणाले, "तुझी पाठ कशी आहे रे हल्ली?"

"बरी आहे. का?"

"काही नाही. पेट्या जड असतात. पहिल्याच दिवशी सगळ्या उचलायला जाऊ नकोस."