भिंग पूजेला बसलं तेव्हा

"महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत मिळून गुप्तहेर एकच," असं महिपती घड्याळवाला सांगायचा, आणि तो एक कोण हे कुणी विचारलं नाही तरी तेही सांगायचा. "चपलेची टाच बघून मी माणसाच्या सासुरवाडीचं गाव ओळखतो. नाक कुत्र्याचं, डोळा घारीचा, आणि डोकं..." इथे तो थांबायचा. डोक्याला शोभेल असा प्राणी त्याला अजून सापडला नव्हता.

धंदा घड्याळदुरुस्तीचा. डोळ्याला लावायचं भिंग घरात होतं म्हणून हा गुप्तहेर झाला, उद्या घरात तंबोरा असता तर गवई झाला असता, असं त्याची बायको काशीबाई म्हणायची. आजवर त्यानं तीन प्रकरणं हाती घेतली होती. हरवलेली शेळी आपणहून परत आली, हरवलेली छत्री ज्याची त्याच्याच खांद्याला अडकलेली निघाली, आणि हरवलेला जावई मुळात हरवलाच नव्हता, त्याला यायचं नव्हतं. तिन्ही प्रकरणं सुटली असं महिपती सांगायचा आणि ते काही खोटं नव्हतं.

त्याचा मदतनीस म्हणजे शेजारचा दत्ताराम. कचेरीत कारकून. तो मदतनीस कसा झाला हे त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. चैत्रात त्याची बायको तुळजाबाई गेली. तेव्हापासून महिपती रोज सकाळी दारात यायचा आणि म्हणायचा, "चल, एक धागा सापडलाय." धागा कधीच नसायचा. पण घरात बसण्यापेक्षा ते बरं, म्हणून दत्ताराम जायचा.

सकाळ अशी निघायची, दिवस कचेरीत जायचा. अवघड होती ती संध्याकाळ. सहा वाजता तुळजाबाई चूल पेटवायची, तिच्या बांगड्या वाजायच्या. आता सहा वाजता काहीच वाजत नसे. म्हणून सहाला तो क्लबात जाई आणि आठपर्यंत टेबल टेनिस खेळे. तिथे निदान चेंडू वाजत असे.

ते टेबल महाडचं एकट्याचं नव्हतं. दोन्ही तालुक्यांच्या क्लबांनी मिळून ते घेतलं होतं. दर दसऱ्याला महाडचा एक आणि पोलादपूरचा एक असे दोघे खेळत, आणि जिंकेल त्या गावात टेबल वर्षभर राहायचं. एक्याऐंशी सालच्या दसऱ्याला महाडकडून दत्ताराम होता आणि पोलादपूरकडून हैबती. हरलं तर टेबल टेम्पोत चढणार आणि सहा ते आठ पुन्हा रिकामे होणार. ही दुसरी गोष्ट दत्तारामनं कुणालाच सांगितली नव्हती.

आणि खंडेनवमीच्या सकाळी, सामन्याला एकच दिवस उरला असताना, त्याची बॅट गेली.

दूध आणायला गेला तेव्हा ती दाराजवळच्या खिळ्याला होती. परत आला तेव्हा नुसता खिळा होता.

महिपती आला तो खिळ्यासमोर पाच मिनिटं उभा राहिला.

"भिंग आणायचं होतंत," दत्ताराम म्हणाला.

"भिंग आज पूजेत बसलंय. सकाळीच मी माझी सगळी हत्यारं मांडली. चिमटे, पेचकस, भिंग. वर काशीनं झेंडूचा हा ढीग घातलाय. आमच्या घरात मांडलेलं हत्यार दसऱ्याची आरती झाल्याशिवाय हलवत नाहीत. तेव्हा आज नुसत्या डोळ्यांनी तपास." मग त्यानं खिळा हुंगला. "हं. लोखंड. बॅटचं वर्णन सांग."

"जुनी. दाणेदार रबराची, आत स्पंज नाही. मुठीला लुगड्याचा काठ गुंडाळलेला. हिरवा."

"काठ कुणी गुंडाळला?"

"हिनं," दत्ताराम म्हणाला. महिपतीनं लगेच खिळ्याकडे तोंड फिरवलं आणि उगाच आणखी एकदा हुंगला.

पहिला संशय रावजीवर. बाजारपेठेत वह्या, पेन्सिली आणि खेळाचं सामान विकणारा रावजी. महिपतीचं म्हणणं सरळ होतं. जुनी बॅट गेली की नवी कोण विकणार? रावजी. मग जुनी कुणी नेली? रावजी.

"या हिशेबानं गावातल्या सगळ्या पेन्सिली मीच चोरतो," रावजी म्हणाला. तरी त्यानं तीन बॅटी काउंटरवर मांडल्या. "दत्तारामभाऊ, ही घ्या. जाड स्पंज. मुंबईला हल्ली सगळे हीच वापरतात. चेंडू नुसता टेकवला की गोळीसारखा सुटतो."

दत्तारामनं चेंडू टेकवला. तो गोळीसारखा सुटला आणि समोरच्या हॉटेलातल्या एका गिऱ्हाइकाच्या चहात पडला.

"वेग आहे," महिपती म्हणाला.

"मला वेग नको," दत्ताराम म्हणाला. "मी मारत नाही. मी लांब उभा राहतो, येईल तो चेंडू परत देतो. समोरचा कंटाळतो, मग चुकतो."

"मग ही बारीक स्पंजाची," रावजी म्हणाला. त्या बॅटीनं चेंडू चहापर्यंत गेला नाही, पण थांबलाही नाही. तिसरीची मूठ इतकी जाड होती की हातात घेतल्यावर दत्तारामला आपण मुसळ धरलंय असं वाटलं.

चहावाल्या गिऱ्हाइकाला दुसरा चहा सांगून दोघं बाहेर पडले. महिपतीनं रावजीला संशयातून मोकळा केला, कारण रावजीनं लिमलेटच्या दोन गोळ्या दिल्या आणि गुन्हेगार असं करत नाही.

घरी आले तेव्हा काशीबाई ओट्यावर बसून नारळ खवत होती.

"काय ओ हरवलंय तुमचं? सकाळधरनं वणवण चाललीय."

"गुप्त आहे," महिपती म्हणाला. "तपासात मी घरची माणसं घेत नाही."

"नका घेऊ. भावोजी, तुमी तरी सांगा."

दत्तारामनं तोंड उघडलं, पण तोवर महिपतीनं त्याचा दंड धरून त्याला एस.टी. स्टँडकडे ओढला होता. दुसरा संशय पोलादपूरवर होता.

एस.टी.त महिपतीनं सगळा कट उलगडून सांगितला. हैबतीनं पहाटे महाडात माणूस पाठवला असणार. तो माणूस डावखुरा असणार, कारण खिळा डावीकडे वाकलाय. दत्ताराम म्हणाला, तो खिळा त्यानंच ठोकताना वाकवला होता. "म्हणजे तू डावखुरा," महिपती म्हणाला आणि त्याच्या हातांकडे टक लावून बघू लागला. तिसरा संशय कुणावर जाणार हे दत्तारामच्या लक्षात आलं.

हैबती त्याच्या अंगणात कोयत्याला झेंडूची माळ घालत होता. सहा फूट उंच, छाती अशी की खेळताना टेबलच मागे सरकावं. महिपतीनं त्याला विचारलं, "काल रात्रीपासून आज सकाळपर्यंत तू कुठे होतास?"

"हतंच. का रं?"

"दत्तारामची बॅट गेली."

हैबतीच्या हातातली माळ खाली आली. "कंची? ती दाण्यांची? हिरव्या काठाची?"

"बघ!" महिपती ओरडला. "काठाचा रंग याला कसा माहीत?"

"दोन वर्सं समोर उभा ऱ्हाऊन हरतोय मी, मला नाय म्हाईत तर कोनाला?" हैबती दत्तारामकडे वळला. "दत्ताभाऊ, ती बॅट मला कोनी फुकट दिली तरी नको. मी मारनारा मानूस. तिच्यात चेंडू मरतो. ही घे माझी, बघ."

त्याची स्पंजाची बॅट घेऊन दत्तारामनं अंगणात चार चेंडू खेळले. एक कौलावर गेला, एक गोठ्यात, एक महिपतीच्या कपाळाला लागला. चौथा सापडलाच नाही.

"नाय जमायची," हैबती म्हणाला. "मी बैल हाकतो तसा चेंडू हाकतो. तू लेकराला चालायला शिकवतोस तसा खेळतोस. तुला तीच पायजे. जा बाबा, शोध. तुला दुसऱ्या बॅटीवर हरवून टेबल नेलं तर मला जेवन ग्वाड लागायचं नाय."

परतताना महिपती कपाळावरचं टेंगूळ चोळत होता. "हा माणूस निर्दोष आहे," तो म्हणाला. "मला हे आधीपासून माहीत होतं. आता एकच जण उरतो. दत्ताराम, खरं सांग. तुला खेळायची भीती वाटली का? तूच लपवलीस ना?"

एरवी दत्ताराम हसला असता. आज तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "महिपतराव, त्या मुठीला हात लागला की हिनं धरलेलं काहीतरी आपणही धरलंय असं वाटतं. मी कशाला लपवू?"

महिपतीनं आपल्या वाटची लिमलेटची गोळी खिशातून काढून दत्तारामच्या हातात ठेवली. संशयिताला गोळी देणं हे महिपतीच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

उन्हं कलली तेव्हा दोघं घरी पोचले. काशीबाईनं पाणी दिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"आता बऱ्या बोलानं सांगा. काय हरवलंय?"

"माझी बॅट, वहिनी," दत्ताराम म्हणाला.

काशीबाईनं कपाळाला हात लावला. "अगो बाई! ती होय? ती तर हतं हाय."

ती आत गेली. दोघं मागोमाग गेले. कोपऱ्यात पाटावर झेंडूचा ढीग होता. तिनं वरची फुलं हातानं बाजूला केली. आधी भिंग दिसलं. भिंगाखाली चिमटे, चिमट्यांखाली विळा, आणि सगळ्यांत खाली, हळदीकुंकवाची बोटं लावलेली, हिरव्या काठाची बॅट.

"दर वर्साला तुळजा ती पूजेत मांडायची," काशीबाई म्हणाली. "म्हनायची, यांचं हत्यार हेच. औंदा तुमच्या घरात सण नाय, वर्साच्या आत पूजा करत नायत. मग तेवढी एकटी बॅट खिळ्याला बिनपूजेची ऱ्हानार? सकाळी तुमी दुधाला गेलात तवा आनली आनि आमच्या पाटावर सगळ्यांत आधी फुलांखाली बसवली, यांनी हत्यारं मांडली ती तिच्यावरच. दुखवट्याच्या घरात सणाचं बोलू नये, म्हनून बोलले नाय. आज क्लब बंद, तुमच्या ध्यानात पन यायचं नाय असं वाटलं. उद्या उजाडायला खिळ्याला लावनार हुते."

दत्ताराम पाटासमोर बसला. मग हात पुढे केला.

"उचलू नका हां," काशीबाई म्हणाली. "आरतीआधी नाय. नुसता हात लावा."

त्यानं मुठीला हात लावला.

"म्हणजे," महिपती दारातून हळूच म्हणाला, "चोरीचा माल पहिल्यापासून माझ्याच भिंगाखाली होता."

"तर! आनि सकाळी त्याला वाकून नमस्कार पन केलात तुमी," काशीबाई म्हणाली.

दसऱ्याला दुपारी क्लब तुडुंब भरला. हैबतीनं पहिला डाव एकवीस-चौदानं घेतला. दुसरा दत्तारामनं घेतला. तिसऱ्यात हैबती मारत होता, मारत होता, आणि दत्ताराम मागे उभा राहून प्रत्येक चेंडू परत देत होता. चेंडू त्या दाण्यांवर येऊन शांत व्हायचा आणि निमूट पलीकडे जायचा. दत्ताराम वीस-एकोणीसनं पुढे असताना हैबतीनं सगळा जीव लावून फटका मारला. चेंडू परत आला. पुन्हा मारला. परत आला. तिसरा त्यानं जाळ्यात घातला, आणि टेबल महाडातच राहिलं.

"मेल्या, कंटाळलो!" हैबती ओरडला आणि दत्तारामला उचलूनच घेतलं.

तेवढ्यात गर्दीतून महिपती पुढे घुसला. भिंग एकदाचं पूजेतून सुटलं होतं आणि ते डोळ्याला लावून तो बॅट तपासत होता. "थांबा! बॅटीवर रक्त आहे!"

"कुंकू आहे," दत्ताराम म्हणाला. "तुमच्या भिंगावरही आहे."

महिपतीनं भिंग सदऱ्याला पुसलं, पुन्हा बघितलं आणि जाहीर केलं, "प्रकरण सुटलं." चौथंही सुटलं, आणि हेही खोटं नव्हतं.

दाराशी उभ्या काशीबाईनं दत्तारामला सोनं म्हणून आपट्याचं पान दिलं. "पुढल्या दसऱ्याला तुमच्याच घरी मांडा हां पूजा. तवर आमची हाय."

लोक पांगले. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले. ते घड्याळ महिपतीनंच दुरुस्त केलेलं होतं, त्यामुळे खरे किती वाजले होते कुणास ठाऊक. दत्तारामनं चेंडू टेबलावर टाकला आणि हैबतीला म्हणाला, "तुझी शेवटची गाडी आठला आहे ना? मग चल. दोन डाव होतील."