माह्यासाठी नका येऊ

मदतीला आलेल्या माणसाला घरी हाकलणारा पुढारी मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे गजभिये काका.

जबलपुरात महाराजपूरला आमची कॉलनी, आणि काका आमच्या शेजारी. खमरियाच्या फॅक्टरीतून रिटायर झाले, पण फॅक्टरीचा भोंगा काही त्यांच्या अंगातून रिटायर झाला नाही. भल्या पहाटे दाढी, इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. आणि जायचं कुठे, तर फाटकापर्यंत. तिथे उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच प्रश्न, त्यांच्या बोलीतला 'का': "काहून?" दूधवाल्याला, "साइकिल छोड़ के मोटरसाइकिल काहून?" माझ्या बायकोला, "वहिनी, उपास काहून करून राहिल्या?" उत्तर पटलं तर मान हलवायचे. नाही पटलं तर समोरच्याचा दिवस खराब. बायकोने तो उपास सोडला.

कॉलनीच्या कोपऱ्यावर एक मोकळी जागा आहे. नकाशात ती पोरांच्या खेळण्यासाठी. एका सकाळी पाहतो तर तिथे गिट्टीचा, म्हणजे खडीचा, भलामोठा ढीग. कोणा ठेकेदाराने टाकलेला. आज गिट्टी, उद्या खांब, परवा दुकानं, हे आंधळ्यालाही दिसत होतं. आम्ही सगळ्यांनी आपापल्या गच्चीवरून कडक निषेध केला आणि ऑफिसला निघून गेलो.

काका गेले नाहीत. त्यांनी घरातून दोन लोखंडी खुर्च्या काढल्या आणि ढिगावर नेऊन मांडल्या. एकीवर स्वतः बसले. दुसरी काकूंची. काकूंना जाऊन बराच काळ झाला होता, पण पूर्वी रोज संध्याकाळी दोघं अंगणात बसायची, त्यामुळे काका जिथे बसतील तिथे ती खुर्चीही जायची. कोणी चुकूनसुद्धा बसू नये म्हणून ते तिच्यावर छत्री आडवी ठेवत. गिट्टीत पाय रुतून काका हळूहळू एका अंगाला कलत होते, पण चेहरा असा, की जग वाकडं आहे आणि आपण सरळ.

मला राहवलं नाही. थर्मासात चहा भरला, घरची एक खुर्ची उचलली आणि गेलो.

"काहून आले सर?"

"तुम्ही एकटेच बसलात, म्हणून."

"म्हंजे माह्यासाठी आले. जा घरी."

मी वळलो.

"चहा ठेवून जा."

तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी भांडायलाच गेलो, तर शांतपणे म्हणाले, "राग नका मानू, सर. खमरियात संपाच्या वेळी लोक माह्यासाठी जमत होते. मी आजारी पडलो, तर सारे पांगले. जो माणसासाठी येते, तो माणसासंगंच जाते. तुमचं सोताचं काहून आणा."

मी विचार केला. तिथे इमारत उठली तर माझ्या खिडकीतलं सकाळचं ऊन जाणार. तसं सांगितलं.

"हां! बसा."

मग रांगच लागली. पांडेजी म्हणाले, "मेरी कार मोड़ने की जगह नहीं बचेगी." काका खूश. "पक्का आदमी! इनको सामने बिठाओ." दामले आजींना पापड वाळवायला जागा हवी होती. त्यांच्या नातीला मराठी समजतं, बोलताना गाडी अडते. ती म्हणाली, "काका, मला बॅडमिंटन खेलना आहे." तिलाही जागा मिळाली. पार्षद, म्हणजे आमचे नगरसेवक, मात्र हार घेऊन आले आणि म्हणाले, "दादा, हम तो आपके सम्मान में आए हैं." त्यांना काकांनी हारासकट परत पाठवलं.

शेवटी ठेकेदार जेसीबी घेऊन उगवला. "यहाँ का नेता कौन है?"

"कोई नहीं," काका म्हणाले. "सबसे पूछो."

त्याने खरंच विचारलं, आणि तिथेच फसला. एक पुढारी असता तर दम दिला असता, नाहीतर खिशात घातला असता. इथे मी उन्हावर अडलो, पांडेजी कारवर. तो आजींना म्हणाला, "माताजी, पापड़ छत पर सुखा लीजिए."

"तेरी छत पर सुखाऊँ क्या?" आजी कडाडल्या.

खुर्चीवरून कोणी हललं नाही. जेसीबी आला तसा मागे गेला. आयुष्यभर मी बाजूला सरून वाट देत आलो होतो. त्या दिवशी नाही दिली, आणि ऊर भरून आला.

पुढे मोजणी झाली, नकाशा खरा ठरला, गिट्टी उचलली गेली. आम्ही पेढे खाल्ले आणि आपापल्या खुर्च्या घरी नेल्या. ज्याचं-त्याचं काहून पुरं झालं होतं.

काही दिवसांनी संध्याकाळी फिरून परत येत होतो. पोरं खेळून घरी गेली होती. मैदानाच्या मधोमध काका बसलेले. तोच इस्त्रीचा शर्ट, शेजारी काकूंची खुर्ची, तिच्यावर छत्री. रस्त्याने माणसं जात होती, पण काका कोणाला काही विचारत नव्हते. मला ते बघवेना. जवळ गेलो.

"काहून आले सर?" आवाजात जोर नव्हता.

मी कारण शोधू लागलो. ऊन तर खिडकीत छान येत होतं. काहीतरी थाप मारली असती, पण या माणसापुढे थाप टिकत नाही.

"तुमच्यासाठी," मी म्हणालो, आणि परत जायच्या तयारीने उभा राहिलो.

काकांनी छत्री उचलून मांडीवर घेतली आणि रुमालाने काकूंची खुर्ची पुसली.

"आज बसा," ते म्हणाले. "उद्या मात्र दुसरं काहून घेऊन या."